जिथवर वस्ती, तिथवर पास

लाउटरब्रुनेनच्या स्टेशनातून पिवळ्या-हिरव्या रंगाची एक आखूड गाडी निघते आणि दातेरी रुळाच्या आधाराने डोंगर चढू लागते. खाली खोल दरी, समोरच्या कड्यावरून कोसळणारा धबधबा, आणि चढणीच्या मध्यावर, 1274 मीटर उंचीवर, वेंगेन नावाचे गाव. तिथे पिशव्या घेऊन काही माणसे उतरतात, गाडी थोडी विसावते आणि पुढे 2061 मीटरवरच्या क्लायने शायडेगची वाट धरते. रूळ तोच, कंपनीही तीच. पण खिशात स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेंगेनपर्यंत एक पैसा पडत नाही आणि वेंगेनचा फलाट सुटला की पडतो. पुढे सवलत असते, पण फुकटचा प्रवास संपलेला असतो.

स्वित्झर्लंडची सहल स्वतः आखायला बसलेल्या माणसाला ही रेघ बुचकळ्यात टाकते. पास घ्यावा, की अर्ध्या भाड्याचे कार्ड घ्यावे, की लागेल तसे सुटे तिकीट काढावे, या प्रश्नावर तो कागदावर बेरजा करत बसतो. त्याला वाटते, कुठल्या तरी विपणन खात्याने एका दुपारी बसून हे नियम ठरवले असतील. प्रत्यक्षात त्या रेघेमागे पावणेदोनशे वर्षांची भांडणे आहेत. रेल्वे कोणाच्या मालकीची, भाडे प्रवासाचे घ्यायचे की प्रवासाच्या हक्काचे, आणि डोंगरावर हौसेने जाणाऱ्याचा खर्च देशाने का सोसायचा, ही ती भांडणे.

स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे उशिरा आली. 1844 मध्ये बाझेलच्या वेशीवर पहिले रूळ पोचले, ते फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गकडून आलेले. देशाची स्वतःची पहिली गाडी ऑगस्ट 1847 मध्ये झुरिच ते बाडेन अशी धावली. लोकांनी तिला नाव ठेवले 'स्पॅनिश ब्रोटली बान'. ब्रोटली हा बाडेनच्या भट्ट्यांतला खुसखुशीत खाऊ. झुरिचच्या श्रीमंतांचे नोकर तो रविवारच्या न्याहारीसाठी रात्रभर पायपीट करून आणत आणि गाडी आल्यावर त्यांची पायपीट थांबली, असे सांगतात. डोंगरांच्या देशातली पहिली रेल्वे खाऊच्या नावाने ओळखली जावी, हे स्विस लोकांच्या गंभीर चेहऱ्याला फारसे शोभत नाही, पण आहे खरे.

पुढे काय करायचे, यावर मात्र वाद झाला. नव्या संघराज्याने इंग्लंडहून रॉबर्ट स्टीफन्सन या अभियंत्याला बोलावून देशभराच्या रेल्वेचा आराखडा करून घेतला. रेल्वे सरकारने बांधावी, असा एक मोठा पक्ष होता. त्याच्या विरोधात झुरिचचे आल्फ्रेड एशर उभे राहिले. राजकारण, बँक आणि रेल्वे या तिन्हींवर पकड असलेला हा माणूस. 1852 च्या रेल्वे कायद्याने एशर यांचा पक्ष जिंकला. रेल्वे खाजगी कंपन्यांनी बांधायची आणि परवाना द्यायचा तो कँटनांनी, म्हणजे संघराज्याच्या घटक राज्यांनी. मग जो तो आपापल्या शहराकडे रूळ ओढू लागला. नॉर्डओस्टबान, सेंट्रालबान, फेराइनिग्टे श्वायट्सरबानेन अशा कंपन्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीचे दर वेगळे. एशर यांना शह द्यायला निघालेली विंटरटूरची नात्सिओनालबान 1878 मध्ये दिवाळ्यात निघाली. तिच्या कर्जाला हमी राहिलेली छोटी शहरे त्यानंतर कित्येक दशके ते फेडत होती.

त्या काळी तिकीट म्हणजे पुठ्ठ्याचा लहानसा जाड तुकडा. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तरने 1830 च्या दशकाच्या उत्तरार्धात काढलेली ही पद्धत. बोरीबंदरच्या खिडकीतही हीच पुठ्ठ्याची तिकिटे पुढे शतकभराहून अधिक काळ विकली गेली आणि यंत्राच्या फटीत तारखेचा ठसा उमटताना होणारा तो 'खट्' आवाज मराठी वाचकांच्या एका पिढीच्या कानांत अजून असेल. एडमंडसनला प्रवाशाच्या सोयीची नव्हे, हिशेबाची काळजी होती. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक छापलेला असल्याने खिडकीवरच्या कारकुनाला संध्याकाळी विकलेल्या तिकिटांचा आणि पेटीतल्या पैशांचा ताळा द्यावा लागे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एकदा जाण्याची पावती, एवढाच त्या तिकिटाचा अर्थ होता. ज्याला चार कंपन्यांच्या गाड्या, दोन तलावांवरच्या आगबोटी आणि एक घोड्यांची टपालगाडी असा प्रवास करायचा, त्याने सहा-सात खिडक्यांवर रांग लावायची.

ही रांग मोडली थॉमस कुकने. 1863 च्या उन्हाळ्यात त्याने इंग्रज प्रवाशांची पहिली तुकडी स्वित्झर्लंडला नेली. तिच्यात यॉर्कशायरची जेमायमा मॉरेल होती. तिने लिहिलेली रोजनिशी दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये सापडली आणि सहलीला शंभर वर्षे झाली तेव्हा छापली गेली. त्यात रेल्वे कमी आणि चालणे फार. झगे सावरत बायका गेमी घाट ओलांडून गेल्या, खेचरांवर बसल्या, पहाटेचा सूर्योदय पाहायला रिगी डोंगर पायी चढल्या. कुकची खरी करामत मात्र दऱ्याडोंगरांत नव्हती, कागदावर होती. वेगवेगळ्या कंपन्यांशी आधी बोलणी करायची, त्यांची कुपने एकत्र बांधायची आणि लंडनमध्येच प्रवाशाच्या हातात सगळी चळत ठेवायची. पुढच्या काही वर्षांत त्याने हॉटेलांचीही कुपने काढली. आजच्या पासाचा पूर्वज कुठला, असे विचारले तर बोट या कुपनांच्या चळतीकडे दाखवावे लागेल. फरक एवढाच की कुकच्या प्रवाशाला आपला रस्ता आधी ठरवावा लागे आणि नंतर बदलता येत नसे.

ज्या रिगीवर जेमायमा पायी चढली, तिथे आठ वर्षांत रेल्वे आली. निक्लाउस रिगेनबाख या अभियंत्याने रुळांच्या मधोमध शिडीसारखा दातेरी रूळ टाकला आणि 21 मे 1871 रोजी फिट्स्नाउहून गाडी डोंगर चढू लागली. युरोपातली ही पहिली पर्वतीय रेल्वे. (हाच रिगेनबाख पुढे निलगिरीच्या रेल्वेसंबंधी सल्ला द्यायला भारतातही येऊन गेला.) ल्यूसर्न कँटनचा परवाना फिट्स्नाउच्या कंपनीकडे होता, पण शिखर पडते श्वित्स कँटनात. श्वित्सने आपला परवाना दुसऱ्याच कंपनीला दिला. तिने शिखरापर्यंतचा तुकडा बांधून पहिल्या कंपनीला भाड्याने दिला आणि 1875 मध्ये आर्थहून स्वतःचा दुसरा रूळ वर आणला. एकाच डोंगराच्या माथ्यावर दोन कंपन्यांचे दोन रूळ शेजारी शेजारी, आणि दोघींची तिकिटे निराळी! दोघी एक झाल्या त्या थेट 1992 मध्ये.

रिगीला पैसा मिळतो म्हटल्यावर डोंगर पोखरायची चढाओढ लागली. 1889 मध्ये पिलाटुस, 1891 मध्ये म्युरेन आणि झरमाट, 1893 मध्ये वेंगेन आणि क्लायने शायडेग, 1898 मध्ये गोरनरग्राट. यांतल्या काही गाड्या खेड्यांकडे जात होत्या आणि काही नुसत्या दृश्याकडे. त्या वेळी या फरकाचे कोणाला काही वाटले नाही, कारण सगळ्याच कंपन्या भागधारकांच्या होत्या आणि उन्हाळ्यात येणाऱ्या इंग्रजांच्या खिशावर जगत होत्या.

इकडे सपाटीवर तिकिटाची कल्पनाच बदलत होती. 1891 मध्ये वर्गणी भरून अर्ध्या भाड्यात फिरण्याची सोय सुरू झाली. आज ज्याला हाल्बटाक्स म्हणतात त्याची ही सुरुवात. 1898 मध्ये त्याच्या पुढची पायरी आली, 'गेनेरालआबोनेमेंट'. ठरलेली रक्कम भरा आणि त्या मुदतीत वाटेल तिथे, वाटेल तितके फिरा. मुंबईकराच्या लोकलच्या पासात मुदत असते तशी ठरलेली हद्दही असते. डोंबिवली ते दादर म्हणजे डोंबिवली ते दादर. स्विस वर्गणीत हद्दच नव्हती. इथे रेल्वे प्रवास विकत नव्हती, प्रवासाचा हक्क विकत होती. गावोगाव माल दाखवत फिरणाऱ्या व्यापाऱ्यांना ही सोय सोन्यासारखी होती. रेल्वेलाही पैसे आगाऊ मिळत आणि गाडीत बसलेल्या प्रत्येक माणसामागे खिडकीवरच्या कारकुनाचे काम वाचे.

त्याच 1898 सालच्या 20 फेब्रुवारीला स्विस मतदारांनी आणखी मोठा निर्णय घेतला. मोठ्या खाजगी कंपन्या संघराज्याने विकत घ्याव्यात का, असा सवाल होता. 'स्विस रेल्वे स्विस जनतेच्या' ही घोषणा गाजली आणि दोन तृतीयांशांहून अधिक मते बाजूने पडली. मताधिकार अर्थात फक्त पुरुषांना होता. संघराज्याच्या रेल्वेचा कारभार 1902 पासून सुरू झाला आणि गोटहार्ड रेल्वे 1909 मध्ये तिला मिळाली. एशर 1882 मध्येच वारले होते. झुरिचच्या मुख्य स्टेशनासमोर कारंज्यावर त्यांचा पुतळा आहे, पण पाठीमागे उभी असते ती सरकारी रेल्वे. इतिहास कधीकधी असा मिश्किलपणा करतो.

सरकारने सगळेच घेतले, असे मात्र नाही. मोठे मार्ग घेतले. छोट्या दऱ्यांतल्या, कँटनांच्या, डोंगरावरच्या कंपन्या तशाच राहिल्या. आजही स्विस सार्वजनिक वाहतुकीत सुमारे अडीचशे कंपन्या आहेत. तरी प्रवाशाला त्या जाणवत नाहीत, कारण एका प्रवासाला एकच तिकीट, मग त्यात कितीही कंपन्या येवोत, हा नियम तिथे कायद्याने बांधलेला आहे. पैशांची वाटणी कंपन्या आपसात नंतर करतात. भाडे ठरते ते 'दराच्या किलोमीटर'वर. हे किलोमीटर मोजपट्टीचे नव्हेत. अवघड चढण, महागडा बोगदा किंवा खर्चिक मार्ग असेल तिथे कागदावरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला यात नवल वाटायला नको. बोगद्यांचा आणि पुलांचा खर्च निघावा म्हणून तिच्या भाड्यातही अंतर असेच फुगवून धरलेले आहे.

तिकिटाशी थेट नाते नसलेला, पण महाराष्ट्राने लक्षात ठेवावा असा एक धागा इथे ओवता येईल. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, तेव्हा स्विस रेल्वेने विजेची कास धरली आणि गोटहार्डच्या चढणीसाठी लांब नाकाडाची इंजिने बांधली. त्यांना तिथे 'मगर' म्हणत. त्याच धाटणीची इंजिने जीआयपी रेल्वेने भोर आणि थळ घाटांसाठी मागवली. पहिली दहा 1928 च्या सुमारास विंटरटूरच्या कारखान्यातून आली. आपल्याकडच्या कामगारांनी त्यांना नाव दिले 'खेकडा'. स्वित्झर्लंडमधली मगर सह्याद्रीत येऊन खेकडा झाली.

पाहुण्यांसाठीचा पास समजून घ्यायचा तर 1930 च्या दशकात डोकवावे लागते. महामंदीने ब्रिटिश आणि जर्मन पाहुणे आटले. भव्य हॉटेले ओस पडली. 1936 मध्ये फ्रँकची किंमत सुमारे 30 टक्क्यांनी उतरवावी लागली. मिग्रोस ही दुकानांची साखळी चालवणाऱ्या गॉटलीब डुटवायलरने त्याच्या आदल्याच वर्षी हॉटेलप्लान काढले होते. श्रीमंत पाहुणा येत नसेल तर आपल्याच कारकुनाला आणि शिंपिणीला सुट्टीवर पाठवा, रेल्वेभाड्यापासून जेवणापर्यंत सगळ्याची एकच किंमत ठेवा, असा त्याचा सरळ हिशेब. हॉटेलवाल्यांना खोल्या भरायच्या होत्या, रेल्वेला रिकामे डबे भरायचे होते. 1939 मध्ये 'रेका' ही प्रवासबचतीची संस्था निघाली. कामगार संघटना, मालक आणि पर्यटन व्यवसाय असे तिघेही तिच्यात होते. या सगळ्यातून एक शहाणपण रेल्वेच्या अंगवळणी पडले. रिकामी धावणारी गाडी तेवढीच वीज खाते, तेव्हा त्या रिकाम्या बाकावर कमी पैशांत का होईना, माणूस बसलेला बरा.

पासाच्या भावाचे गुपित याच हिशेबात आहे.

पण मग जुंगफ्राउयोखची गाडी या हिशेबातून बाहेर का? तिचा जन्मच वेगळा. सूत आणि रेल्वे या दोन्हींत पैसा केलेल्या आडोल्फ गायर-झेलर यांनी आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून बोगदा काढून गाडी थेट जुंगफ्राउच्या शिखराखाली न्यायची, असे ठरवले. 1896 मध्ये काम सुरू झाले. सात वर्षांत व्हायचे ते सोळा वर्षे चालले. गायर-झेलर 1899 मध्येच गेले. बहुतेक मजूर इटलीहून आलेले. स्फोटांत त्यांतले कित्येक मेले. पैसा संपत आला की कंपनी तयार झालेला तुकडा खुला करी आणि त्याची तिकिटे विकून पुढचा बोगदा खणी. 1898 मध्ये आयगरग्लेचर, 1903 मध्ये आयगरवांड, 1905 मध्ये आइसमेर अशी स्टेशने एकेक करून उघडली. शिखराचा नाद सोडून 1 ऑगस्ट 1912 रोजी, स्विस राष्ट्रीय दिनी, गाडी 3454 मीटरवरच्या खिंडीत थांबवली गेली. युरोपातले सर्वांत उंच रेल्वे स्टेशन ते हेच. तिथे गाव नाही. हवामान आणि आकाश पाहणारे थोडे शास्त्रज्ञ सोडले तर कोणी राहत नाही.

हा शेवटचा मुद्दाच निर्णायक आहे. स्विस कायदा सार्वजनिक वाहतुकीचे दोन भाग करतो. ज्या मार्गाने एखादी वस्ती जगाशी जोडली जाते तो एक, आणि ज्या मार्गाने नुसती सहल होते तो दुसरा. पहिल्याचा तोटा संघराज्य आणि कँटन भरून देतात. दुसऱ्याला तोट्याची भरपाई नाही. वस्ती म्हणजे काय, याचेही माप ठरलेले आहे: जिथे वर्षभर किमान शंभर माणसे राहतात. वेंगेनला मोटारीचा रस्ता नाही. शाळेतले पोर, दुधाचे कॅन, म्हातारीची औषधे, सगळे रेल्वेने चढते आणि उतरते. म्युरेनचे तेच. झरमाटमध्ये पेट्रोलच्या गाड्यांना बंदी. म्हणून या गावांपर्यंतची रेल्वे देशाच्या जाळ्याचा भाग मानली जाते आणि तिथवर पास चालतो. त्यापुढे क्लायने शायडेग, शिल्टहॉर्न, गोरनरग्राट. तिथे वस्ती नाही, नजारा आहे, आणि नजाऱ्याचे पैसे ज्याने त्याने द्यायचे. जुंगफ्राउ रेल्वेची मालक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. तिला भागधारकांना उत्तर द्यायचे असते, पासधारकांना नव्हे.

नियम असा स्वच्छ दिसला तरी स्विस लोक त्याला अपवाद करतातच. रिगी पूर्ण पासात आहे आणि श्टान्सरहॉर्नही आहे, जरी त्याच्या माथ्यावर कोणाचे घर नाही. डोंगरवाल्या कंपन्यांचा हा धंद्याचा निर्णय. शेजारी पिलाटुस आणि टिटलिस असताना पाहुण्याला आपल्याकडे वळवायचे तर 'पासात फुकट' ही पाटी मोठे काम करते. पिलाटुस आणि टिटलिसवर पासधारकाला अर्धे भाडे पडते, जुंगफ्राउयोखला फक्त पाव सूट मिळते. ज्याची गर्दी आपोआप होते तो कमी सूट देतो. हा नियम सावंतवाडीच्या बाजारातही तसाच चालतो.

तिकिटाची भाषा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी बदलली. 3 जून 1956 रोजी तिसरा वर्ग संपला आणि दोनच वर्ग उरले. 23 मे 1982 रोजी वेळापत्रक घड्याळाला जुंपले गेले. प्रत्येक महत्त्वाच्या मार्गावर दर तासाला, ठरलेल्या मिनिटाला गाडी. याचा पासाशी संबंध चटकन लक्षात येत नाही, पण तो घट्ट आहे. गाडी दर तासाला असेल तर कुठली गाडी पकडायची हे आधी ठरवावे लागत नाही. आरक्षण नको, घाई नको. एखाद्या तलावाकाठी जरा रेंगाळावेसे वाटले तर रेंगाळावे, तासाभराने पुढची गाडी आहेच. हक्क विकत घेतलेल्या माणसाला त्या हक्काचा खरा उपभोग अशा वेळापत्रकातच घेता येतो. दिवसाला दोन गाड्या असत्या तर अमर्याद पास नुसता कागद राहिला असता.

मग आले 1987. मोटारींच्या धुराने आणि आम्लपावसाने अरण्ये मरत आहेत, या भीतीने तेव्हा मध्य युरोप हादरला होता. लोकांनी मोटार सोडून रेल्वेत बसावे म्हणून अर्ध्या भाड्याच्या वार्षिक कार्डाची किंमत झटक्यात 100 फ्रँकवर आणली गेली. खप धडाधड वाढला. त्याच वर्षी डिसेंबरात 'बान 2000' या रेल्वेविस्ताराला मतदारांनी कौल दिला. आज सुमारे 90 लाख लोकसंख्येच्या देशात तीस लाखांहून अधिक लोकांकडे अर्ध्या भाड्याचे कार्ड आहे आणि चार लाखांहून अधिक लोक गेनेरालआबोनेमेंट बाळगतात. म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये नेहमी रेल्वेने फिरणाऱ्यांत खिडकीवर लिहिलेले 'पूर्ण भाडे' देणारा माणूस अल्पसंख्य आहे. परदेशी पाहुण्याला तिथले तिकीट डोळे पांढरे करण्याइतके महाग वाटते त्याचे एक कारण हे. तो पाहतो ती किंमत स्थानिक माणूस सहसा देतच नाही. सूट ही तिथे मेहेरबानी नसून सर्वसाधारण भाव आहे, आणि पूर्ण भाडे म्हणजे कार्ड नसलेल्याला बसणारा जादा आकार, असे उलटे वाचले तर सगळा दरफलक अधिक नीट कळतो.

पाहुण्यांसाठीचे पास याच कार्डांची धाकटी भावंडे आहेत. 1959 मध्ये युरेल पासाने युरोपाबाहेरच्या प्रवाशांना तेरा देशांत मोकळे फिरवले, 1972 मध्ये इंटररेलने युरोपातल्या तरुणांना. स्वित्झर्लंडचा स्वतःचा पास आधी 'स्विस हॉलिडे कार्ड' होता, मग 'स्विस पास' झाला. 2015 मध्ये देशी प्रवाशांच्या नव्या लाल कार्डाला 'स्विसपास' हे नाव हवे होते, तेव्हा पाहुण्यांचा पास 'स्विस ट्रॅव्हल पास' बनला. घरच्या माणसाला नाव देण्यासाठी पाहुण्याचे नाव बदलले गेले.

भारतीय माणूस या गोष्टीत शिरला तो मोठ्या प्रमाणावर पडद्यावरून. काश्मीरमध्ये चित्रीकरण अवघड झाल्यावर हिंदी चित्रपटांनी आल्प्सकडे मोहरा वळवला. 'चांदनी' आणि नंतर 1995 चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' यांनी स्विस स्टेशनांना घराघरांत नेले. यश चोप्रांच्या नावाची एक गाडी जुंगफ्राउ रेल्वेवर आहे, इंटरलाकेनमध्ये त्यांचा पुतळा 2016 मध्ये बसला, आणि जुंगफ्राउयोखवर भारतीय जेवण मिळते. गंमत अशी की त्या गाड्यांवर भाळलेला मराठी पर्यटक अनेक वर्षे स्विस रेल्वेत फारसा बसलाच नाही. दादर-पुण्याच्या सहल कंपन्या त्याला युरोपभर बसमधून हिंडवत, आणि रेल्वेचे दर्शन होई ते फक्त डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत. तिकीट कसले, पास कसला, सगळे सहलीच्या रकमेत. कुकच्या जेमायमासारखेच. अलीकडे मुलांनी इंटरनेटवरून आखलेल्या, आई-वडील आणि नातवंडे मिळून करायच्या सहली वाढल्या, तेव्हा पास की तिकीट हा प्रश्न मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर आला.

2024 चे दर घेतले तर त्या प्रश्नाची ठेवण स्पष्ट दिसते. दुसऱ्या वर्गाचा तीन दिवसांचा पास 244 फ्रँक, आठ दिवसांचा 419 आणि पंधरा दिवसांचा 459. तीन दिवसांत दर दिवशी 81 फ्रँक पडतात, पंधरा दिवसांत 31 सुद्धा पडत नाहीत. आठवरून पंधरावर जायला फक्त 40 फ्रँक! रेल्वेला ठाऊक असते की दुसऱ्या आठवड्यात माणूस दमतो, एका गावी टेकतो, गाड्या कमी पकडतो. पाहुण्यांचे महिनाभराचे अर्ध्या भाड्याचे कार्ड त्या वर्षी 120 फ्रँकला होते. म्हणजे सगळ्या प्रवासांची पूर्ण भाडी मिळून 240 फ्रँकच्या आत असतील तर काहीच घेऊ नये. आठ दिवसांच्या सहलीत बेरीज 240 आणि 598 च्या मध्ये आली तर अर्ध्या भाड्याचे कार्ड सरस, आणि त्याच्या वर गेली तर पास. तीन दिवसांच्या सहलीत मात्र ही मधली जागा 240 ते 248 इतकी चिंचोळी होते की कार्ड जवळजवळ बादच ठरते. हा हिशेब सपाटीचा. जुंगफ्राउयोखचे महागडे तिकीट मध्ये आले की पारडे कार्डाकडे झुकते, कारण पासावर तिथे पाव सूट आणि कार्डावर अर्धी. सोबत सहा ते पंधरा वयाची मुले असतील तर मात्र मुकाट्याने आई-बापांचा हिशेब करावा. फॅमिली कार्डावर ती फुकट येतात.

आकड्यांबाहेरचाही एक हिशेब आहे, आणि तिथे लेखकाचे मत पासाबद्दल थोडे साशंक आहे. पास घेतला की 'वसूल' करण्याची ओढ लागते. झुरिचहून सकाळी मोंत्रो, दुपारी बर्न, संध्याकाळी परत, असा दिवस खिडकीच्या काचेमागे जातो. पाचशेहून अधिक संग्रहालये पासावर फुकट आहेत, ती सहसा वगळली जातात. उलट पास नसलेला माणूस दर वेळी तिकिटाचा आकडा पाहून कचरतो आणि बोटीतून तलावाचे दुसरे टोक पाहायचे राहून जाते. ग्लेशियर एक्स्प्रेससारख्या गाडीत पास असूनही आरक्षणाचे पैसे निराळे द्यावे लागतात. 1930 पासून धावणारी ही गाडी मुळात घाईतल्या माणसासाठी नाहीच.

गेल्या काही वर्षांत स्विस रेल्वेने स्वस्त 'स्पार' तिकिटे काढली. आधी घ्या, कमी पैसे द्या, पण ठरलेल्या गाडीनेच जा. 1982 च्या वेळापत्रकाने दिलेली मोकळीक इथे थोडी परत घेतली गेली, कारण पुन्हा तेच जुने दुखणे: सकाळी साडेसातला उभे राहायला जागा नाही आणि अकरा वाजता डबे रिकामे. गावोगावच्या नगरपालिका रेल्वेकडून देशभर चालणारी दिवसाची तिकिटे घाऊक घेऊन रहिवाशांना स्वस्तात विकत. ती सोयही 2023 अखेरीस बंद झाली आणि तिच्या जागी मर्यादित संख्येची, माणसाच्या नावाची तिकिटे आली.

दुसरीकडे फेअरटिक आणि ईझीराइड यांसारख्या सोयींनी तिकीट आधी काढायची गरजच घालवली. गाडीत चढण्यापूर्वी मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवायचे, उतरल्यावर पुन्हा सरकवायचे. वाटेत ट्राम, बस, बोट काहीही पकडले तरी चालते. तपासनीस आला तर पडद्यावरचा चौकोनी संकेत दाखवायचा. कुठून कुठे गेलात ते फोन सांगतो, लागू पडणारे भाडे रेल्वे मागाहून ठरवते आणि पैसे खात्यातून जातात.